बायबलचीं भाष्यें आणि संगणकाची संदर्भसूची

ग्रंथांतील संदिग्ध वचनाचा अर्थ त्याच ग्रंथांतील स्पष्ट वचनावरून लावावा, हा न्याय आमच्याकडील मीमांसकांस जितका मान्य होता तितकाच ख्रिस्ती पंडितांसही मान्य आहे. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं तर अर्थनिर्णयाचा सारा भार ह्या एका न्यायावर ठेविला. तो स्वीकारला म्हणजे पहिली गरज उत्पन्न होते ती ही कीं, कोणत्या वचनाचा कोणत्या वचनाशीं संबंध आहे हें वाचकास कळावें. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे. प्रॉटेस्टंट पंथाच्या गणनेप्रमाणें तो सहासष्ट पुस्तकांचा संग्रह आहे, आणि प्रचलित इंग्रजी आवृत्तींत त्याचीं वचनें ३१,१०२ भरतात. एवढ्या अरण्यांत वाटाड्यावांचून हिंडणें कठीण; म्हणून समासांत बारीक टाइपांत छापलेले संदर्भ, शब्दसूच्या आणि भाष्यें असे तीन वाटाडे कालांतरानें निर्माण झाले.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या तिघांस एकाच पेटींत घालून त्यांच्याकडून चाकरासारखें काम करून घेणारें एक नवें साधन प्रचारांत आलें आहे. लोगोस, अकॉर्डन्स, ई-स्वोर्ड अशा नांवांचीं हीं सॉफ्टवेअरें पाद्री, धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणि घरीं बसून बायबल वाचणारे सामान्य गृहस्थ ह्या सर्वांच्या हातीं आहेत. बायबलवर्क्स ह्या त्यांतील एका जुन्या संस्थेचा कारभार २०१८ मध्यें आटोपला. परंतु इतर जोरांत चालू आहेत, आणि विंडोजवर चालणारें ई-स्वोर्ड तर २००० सालापासून फुकट मिळतें. मनांतील वचन टिपावें, आणि संग्रहांतील यच्चयावत् भाष्यांत ह्या वचनाचा उल्लेख कोठें कोठें आला आहे असें विचारावें. चहाचा पेला तोंडाला लावीपर्यंत यादी पडद्यावर हजर! ही यादी नेमकी कशाची असते, ह्याचा विचार करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे. आमच्या मतें ती उल्लेखांची यादी असते. आणि वाचणारे बहुतकरून तिला पुराव्यांची यादी समजतात.

ह्या कलेचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. चौथ्या शतकांत कैसरियाचा बिशप युसेबियस ह्यानें चारही शुभवर्तमानांचे लहान लहान खंड घेऊन (मत्तयाचे ३५५, योहानाचे २३२) कोणता खंड दुसऱ्या शुभवर्तमानाच्या कोणत्या खंडाशीं जुळतो ह्याचे दहा तक्ते रचिले. त्या काळीं आजचे अध्याय नव्हते आणि वचनांस अंकही नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभींचा कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन ह्याच्या नांवावर मोडतात. आणि नव्या कराराच्या वचनांस आज चालू असलेले अंक पॅरिस सोडून जिनीव्हास गेलेला मुद्रक रॉबेर एस्तियेन ह्यानें १५५१ मध्यें घातले. ह्या दोघां गृहस्थांनीं आपलें काम केलें नसतें तर आजच्या यंत्रास धरावयाला खुंटीच मिळाली नसती.

शब्दसूचीचा उद्योग प्रथम तेराव्या शतकांत पॅरिसच्या डोमिनिकन मठांत सेंट शेरचा ह्यू ह्याच्या देखरेखीखालीं झाला. तेथें साधूंची एक तुकडीच ह्या कामास बसविली होती. उलट इंग्रजी बायबलची विख्यात शब्दसूची अलेक्झांडर क्रूडन ह्या लंडनमधील पुस्तकविक्या मुद्रितशोधकानें एकहातीं केली. १७३७ मध्यें ती प्रसिद्ध झाली, त्यानें ती मोठ्या आशेनें कॅरोलाइन राणीस अर्पण केली, आणि थोड्याच दिवसांत राणी निवर्तली! ह्या मनुष्यास आयुष्यांत अनेकदां वेड्यांच्या इस्पितळांत राहावें लागलें, आणि पुढें पुढें तो स्वतःस 'शुद्धिकर्ता अलेक्झांडर' म्हणवीत लंडनच्या रस्त्यांतून लोकांची नीति सुधारीत फिरे. परंतु त्याची सूची लोकांस इतकी भरंवशाची वाटली कीं ती आजतागाईत छापली जाते. एखाद्याचें डोकें ठिकाणावर आहे कीं नाहीं हें जगास ठरवूं द्यावें. त्याच्या सूचीचा अंक ठिकाणावर असला म्हणजे आमचें काम झालें. १८९० मध्यें जेम्स स्ट्राँग ह्यानें शंभरावर सहायक घेऊन मूळच्या प्रत्येक हिब्रू व ग्रीक शब्दास क्रमांक दिला. १९५७ मध्यें जॉन एलिसन ह्या पाद्र्यानें नव्या इंग्रजी भाषांतराची शब्दसूची युनिव्हॅक नांवाच्या प्रचंड यंत्राकडून करवून घेतली. येथून संगणकाचा प्रवेश झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु शब्दसूची आणि संदर्भ ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. शब्द दोन्ही ठिकाणीं आहे कीं नाहीं हें कारकूनही सांगूं शकतो. एका वचनाचा दुसऱ्या वचनाशीं अर्थानें संबंध आहे असें म्हणणें हा निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला कीं त्याची जबाबदारी कोणावर तरी येते. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या समासांत असे सुमारें नऊ हजार संदर्भ होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस स्कॉट ह्यानें आपल्या भाष्यांत ते पुष्कळच वाढविले. आणि १८३० नंतरच्या दशकांत लंडनच्या बॅगस्टर मंडळीनें स्कॉटचे व इतरांचे संदर्भ एकत्र करून जो कोश काढला त्यानें पांच लक्ष संदर्भांची ग्वाही दिली. म्हणजे वचनामागें सरासरी सोळा! फुकट मिळणाऱ्या संगणकीय संग्रहांत हा कोश बहुधा असतोच.

भाष्यांतील शोध हा ह्यापुढचा टप्पा होय. छापील भाष्यांत भाष्यकार बोलतां बोलतां दुसरें वचन सांगून जातो. तें वाक्याच्या पोटांत दडलेलें असतें. ग्रंथ संगणकांत घालतांना अशा प्रत्येक अध्याय-वचनांकामागें एक अदृश्य खूण बसवितात. मूळ लेखकानें तो रोमन अंकांत लिहिलेला असो, संक्षेपानें लिहिलेला असो, कीं पूर्ण नांवानें, खूण एकाच जातीची. मग वाचकानें तेंच एक वचन मागावें, किंवा तें ज्या मोठ्या उताऱ्यांत सामावलें आहे त्याचे उल्लेखही मागावे. दोन्ही सोयी चांगल्या साधनांत असतात. ह्या सोयीचा खरा लाभ मोकळ्या मनानें कबूल केला पाहिजे. जखऱ्याच्या पुस्तकावर काल्विन काय म्हणतो हें पाहण्यास काल्विनचें जखऱ्यावरील भाष्य उघडलें म्हणजे पुरे. परंतु मत्तयावर लिहितांना, स्तोत्रांवर लिहितांना, पौलाच्या पत्रांवर लिहितांना तो जखऱ्याची आठवण केव्हां केव्हां काढतो हें जाणण्यास पूर्वीं सारा काल्विन वाचावा लागे, आणि काल्विन कांहीं थोडाथोडका नाहीं. तें काम आतां क्षणांत होतें. भाष्यकाराच्या मनांत कोणतीं वचनें एकमेकांच्या शेजारीं राहत होतीं हें दिसूं लागतें, आणि हें दर्शन पूर्वींच्या मोठमोठ्या पंडितांसही सुलभ नव्हतें.

आतां एक उदाहरण घेऊं. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत अशी हकीकत आहे कीं, विश्वासघातानें मिळविलेलीं तीस रुप्याचीं नाणीं यहूदा इस्कार्योत ह्यानें मंदिरांत फेकून दिलीं. तो रक्ताचा पैसा भांडारांत घालणें योग्य नाहीं म्हणून याजकांनीं त्यांतून परक्यांना पुरण्यासाठीं कुंभाराचें शेत विकत घेतलें. नवव्या वचनांत मत्तय म्हणतो कीं, ह्यायोगें यिर्मया संदेष्ट्याचें भाकित पूर्ण झालें. वाचक यिर्मयाचें पुस्तक उघडतो. तेथें तें वचन नाहीं. त्याच्याशीं पुष्कळ जुळणारे शब्द सांपडतात ते जखऱ्याच्या अकराव्या अध्यायाच्या बाराव्या-तेराव्या वचनांत. यंत्रास विचारलें कीं, मत्तयावरील भाष्यांत जखऱ्या ११:१३ चा उल्लेख कोठें आहे तें दाखीव, तर प्राचीन-अर्वाचीन, कॅथलिक-प्रॉटेस्टंट, सारे भाष्यकार हात वर करून उभे राहतात. यादी पाहणाऱ्यास वाटावें, केवढें हें मतैक्य!

ह्या मंडळींस एकेक करून बोलतें केलें म्हणजे निराळाच देखावा दिसतो. जेरोम म्हणतो कीं, नासोरी पंथाच्या एका मनुष्यानें आपणांस यिर्मयाच्या नांवावरील एक हिब्रू पुस्तक दाखविलें व त्यांत हे शब्द अक्षरशः होते. तरीही आपला कल असा कीं वचन जखऱ्याचें आहे. ऑगस्टिनास ठाऊक आहे कीं कांहीं हस्तलिखितांत यिर्मयाचें नांव नसून नुसतें 'संदेष्टा' एवढेंच आहे. परंतु ती सोपी पळवाट तो घेत नाहीं. जुन्या ग्रीक प्रतींत नांव आहे, आणि असलेलें अडचणीचें नांव कोणी गाळील हें समजतें, नसलेलें अडचणीचें नांव कोणी मुद्दाम कां घालील, असा त्याचा प्रश्न आहे. पाठचिकित्सेचा हा नियम आज भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादकांसही परका वाटणार नाहीं. मग ऑगस्टिन म्हणतो कीं, लिहितांना मत्तयास यिर्मयाचें नांव आठवलें व पवित्र आत्म्यानें तें तसेंच राहूं दिलें, कारण सर्व संदेष्ट्यांचा बोलविता एकच. काल्विन ह्या खोल पाण्यांत शिरतच नाहीं. यिर्मयाचें नांव येथें चुकून पडलें आहे हें उघड आहे. तें कसें आलें हें आपणांस ठाऊक नाहीं आणि त्याच्या चौकशींत आपण फारसे शिणतही नाहीं, असें तो सरळ सांगतो. सतराव्या शतकांतील जॉन लाइटफुट हा यहुदी ग्रंथांचा मोठा जाणता. त्याचें म्हणणें असें कीं, एका यहुदी परंपरेंत संदेष्ट्यांच्या संग्रहांत यिर्मयाचें पुस्तक पहिलें असे, आणि म्हणून साऱ्या संग्रहास त्याचें नांव देणें ही चूक नव्हेच. मॅथ्यू हेन्री हा कुटुंबवत्सल वाचकांचा आवडता भाष्यकार. तो प्रश्न कठीण आहे हें मान्य करून दोन-तीन उत्तरें वाचकापुढें ठेवितो आणि पुढें जातो.

अलीकडच्या अनेक अभ्यासकांचें मत आणखी वेगळें आहे. मत्तयानें येथें दोन संदेष्ट्यांचा मुद्दाम संगम केला आहे, असें ते समजतात. नाणीं जखऱ्याचीं, परंतु शेताची खरेदी यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायांत, कुंभार अठराव्यांत, आणि निरपराध्याचें रक्त व नांव बदलून प्रेतांनीं भरणारी दरी एकोणिसाव्यांत आहे. त्यांत जखऱ्याच्या त्या वचनांतच एक गंमत आहे. हिब्रू पाठांत नाणीं 'कुंभारा'कडे टाकिलीं आहेत. प्राचीन सिरियन भाषांतरांत तीं 'भांडारांत' टाकिलीं आहेत. आणि हिब्रूंत हे दोन शब्द, योत्सेर आणि ओत्सार, उच्चारानें शेजारचे आहेत. मत्तयाच्या कथेंत तर भांडारही आहे आणि कुंभारही आहे! ज्यानें हें एकदां पाहिलें त्यास मत्तयाची हकीकत पुन्हा पहिल्यासारखी वाचतां येणार नाहीं.

आतां यादीकडे परत यावें. तिच्यांत जेरोम, ऑगस्टिन, काल्विन, लाइटफुट, हेन्री हे सारे एका ओळींत, एका टाइपांत, एका रंगांत उभे आहेत. एकजण म्हणतो नांव चुकलें, दुसरा म्हणतो चुकलें नाहीं, तिसरा म्हणतो चुकलें पण तें योग्यच झालें. यंत्राच्या हिशेबीं सर्वांनीं मिळून एकच गोष्ट केली: जखऱ्या ११:१३ हा अंक लिहिला.

आमच्या वाचकांस ह्याचें मर्म समजण्यास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. छांदोग्यांतील 'तत्त्वमसि' हें महावाक्य शंकराचार्यांनीं घेतलें आहे, रामानुजांनीं घेतलें आहे आणि मध्वांनींही घेतलें आहे. पहिले त्यावरून जीवब्रह्मैक्य सिद्ध करितात. दुसरे त्यांतून शरीर आणि शरीरी असा संबंध काढितात. तिसरे तर संधि निराळा सोडवून आरंभीं नकारच वाचतात. कर्नल जेकब ह्यांनीं स्ट्राँगच्या पाठोपाठ, १८९१ मध्यें, उपनिषदांची व गीतेची जी वाक्यसूची मुंबईस प्रसिद्ध केली, तिनें कित्येक अभ्यासकांचे श्रम वांचविले. पण ती चाळून वेदान्त्यांचें ह्या वाक्याबद्दल एकमत आहे असें कोणी म्हणूं लागला, तर त्यास आमच्याकडील शाळकरी पोरही हंसेल. बायबलच्या बाबतींत असें हंसणारा शेजारीं नसतो, एवढाच काय तो फरक. यादी घेऊन बसणारा मनुष्य एकटाच पडद्यापुढें असतो.

यंत्राची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. कारण जेथें समास मुका राहतो तेथें यंत्र कधीं कधीं बोलतें. योहानाच्या तिसऱ्या अध्यायांत येशू निकदेमास सांगतो कीं, मोशेनें अरण्यांत साप उंच केला त्याप्रमाणें मनुष्याच्या पुत्रास उंच केलें जावें लागेल. ही कथा गणना पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायांत आहे आणि प्रत्येक समासांत तो अंक असतो. परंतु योहानाचें 'उंच करणें' हें ग्रीक क्रियापद गणनाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत त्या ठिकाणीं नाहींच; तेथें साप एका चिन्हावर उभा केला आहे. तें क्रियापद आहे यशयाच्या ५२:१३ मध्यें, जेथें दुःख भोगणाऱ्या सेवकाच्या उत्कर्षाची वाणी आहे. म्हणजे कथा एका ग्रंथांतली आणि शब्द दुसऱ्यांतला. खांबावर टांगलें जाणें आणि गौरवास चढणें हे दोन्ही अर्थ योहानानें एका क्रियापदांत घातले ते ह्यामुळें. शब्दाचा शोध आणि अंकाचा शोध हे दोन्ही एकाच वेळीं करूं शकणारें यंत्र हा योग ध्यानांत आणून देतें, ह्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

आणखी एक. 'शलमोनाचें ज्ञान' नांवाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांत ह्याच सापाविषयीं म्हटलें आहे कीं, त्याकडे वळलेला मनुष्य वांचला तो दिसलेल्या वस्तूमुळें नव्हे, सर्वांच्या तारणाऱ्यामुळें वांचला. योहानाच्या वचनास ह्याहून जवळचें भाष्य मिळणें कठीण! परंतु हें पुस्तक प्रॉटेस्टंट पंथ शास्त्रांत धरीत नाहीं. १६११ च्या बायबलांत तें छापलेलें होतें. पुढें १८२६ मध्यें ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीनें अशीं पुस्तकें छापण्यास पैसा न देण्याचें ठरविलें, आणि सामान्य वाचकाच्या घरांतून तीं हळूहळू नाहींशीं झालीं. त्यांबरोबर तो संदर्भही गेला. जो संग्रहांत कॅथलिक भाष्यें ठेवील त्यास यंत्र तो परत मिळवून देतें. जो ठेवणार नाहीं त्यास असा संदर्भ होता ही शंकाही येणार नाहीं. संग्रह कोणी जमविला हा प्रश्न म्हणून शोधाच्या आधीं विचारावयाचा आहे. फुकटच्या संग्रहांत मुख्यतः जुनीं, हक्क संपलेलीं इंग्रजी प्रॉटेस्टंट भाष्यें असतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे ख्रिस्ती परंपरा असें वाचकास नकळत वाटूं लागतें.

ह्याच सापाचा एक तिसरा संदर्भ २ राजे १८:४ हा आहे. तेथें हिज्कीया राजानें मोशेचा तो साप फोडून टाकिला, कारण लोक त्यापुढें धूप जाळूं लागले होते. त्यास नहुश्तान असें नांव पडलें होतें. समासांतील संदर्भांत योहान ३:१४ जवळ हेंही वचन दिलेलें आढळतें. तें कशासाठीं? समर्थनासाठीं तर खचित नाहीं. जें तारणाचें चिन्ह तेंच पुढें मूर्ति होऊन बसलें, अशी ती धोक्याची सूचना आहे. साधक आणि बाधक ह्यांस एकाच स्वल्पविरामानें जोडणें ही समासाची जुनी खोड. जागा थोडी असल्यामुळें ती क्षम्य होती. संगणकास जागेची वाण नाहीं, तरी खोड तीच.

येथें अंकांच्या गोंधळाचाही उल्लेख करावयास हवा, कारण तो वरवर क्षुल्लक दिसला तरी शोधाच्या मुळावर येतो. लॅटिन बायबलच्या परंपरेंत शमुवेलाचीं दोन पुस्तकें धरून राजांचीं पुस्तकें चार मोजतात. तेव्हां जुन्या कॅथलिक भाष्यकारानें 'चौथा राजे, अठरा, चार' असें लिहिलें तर तो आपला नहुश्तान. आणि 'दुसरा राजे' असें लिहिलें तर तें शमुवेलाचें दुसरें पुस्तक. खूण बसविणाऱ्यानें हें ओळखलें नाहीं तर पहिला उल्लेख हरवतो आणि दुसरा भलत्या घरीं जातो. स्तोत्रांचें तसेंच: हिब्रूंतील बाविसावें स्तोत्र लॅटिनांत एकविसावें, आणि ऑगस्टिनाचीं सारीं प्रवचनें लॅटिन क्रमानें. इंग्रजी बायबलांत मलाखीचे अध्याय चार, हिब्रूंत तीन. शिवाय जुने भाष्यकार कित्येकदां नुसतें 'मागील वचन', 'पुढील अध्याय' एवढेंच लिहितात. आणि पुष्कळ वेळां तर अंक मुळींच न देतां 'तो पितळेचा साप' असें म्हणून मोकळे होतात, कारण त्यांच्या वाचकास तेवढें पुरे होतें. ज्यास शास्त्र मुखोद्गत आहे असा भाष्यकार अंक सर्वांत कमी देतो. म्हणजे अंकांवरून शोधणाऱ्या यंत्राच्या यादींत जो सर्वांत थोडा दिसेल तो सर्वांत मोठा जाणकार असण्याचा संभव आहे, ही मौज विसरतां कामा नये.

२००७ मध्यें ख्रिस हॅरिसन आणि ख्रिस्तोफ र्‍योमहिल्ड ह्या दोघांनीं बायबलांतील ६३,७७९ संदर्भांचें एक चित्र तयार केलें. खालीं अध्यायांची ओळ, आणि प्रत्येक संदर्भ म्हणजे एका अध्यायापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली कमान, अंतराप्रमाणें रंग. इंद्रधनुष्यासारखें तें चित्र खरोखर सुंदर आहे व त्याच्या कर्त्यांनीं तें सौंदर्यासाठींच केलें. परंतु आतां पुष्कळ ठिकाणीं तें ग्रंथाच्या एकवाक्यतेचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून दाखविण्यांत येतें. तसें दाखविणाऱ्यांस आम्ही इतकेंच विचारूं कीं, नहुश्तानाची कमान ह्यांत कोणत्या रंगाची आहे? ती जोडते म्हणून आहे, कीं तोडते म्हणून? अंतर मोजणारा रंग हें सांगत नाहीं. हल्लीं संदर्भांवर वाचकांचीं मतें घेऊन त्यांची प्रतवारी लावण्याचीही एक रीति निघाली आहे. लोकप्रिय संदर्भ वर येतात, आणि सर्वांस आधींच ठाऊक असलेलें सर्वांस पुन्हा कळतें.

मराठी वाचकापुरतें पाहिलें तर ही गोष्ट अधिकच जाणवण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून केलेलें मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९२४ मध्यें, बाहेर पडलें. तें किंवा दुसरें एखादें मराठी बायबल हातीं घेऊन जो मनुष्य इंग्रजी भाष्यांकडे जातो, त्याच्या आणि भाष्यकाराच्या मध्यें शब्द समान नसतात. समान असतो तो केवळ अंक. इंग्रजी वाचक निदान शब्दावरून ताळा पाहूं शकतो. मराठी वाचकाचा सारा व्यवहार अंकाच्या भरंवशावर चालतो, आणि म्हणून अंकापलीकडील कारण त्याला कोणी दाखविलें नाहीं तर त्याचें नुकसान दुप्पट होतें. रविवारच्या प्रवचनाची तयारी शनिवारीं रात्रीं करणाऱ्या उपदेशकाची स्थिति ह्याहून फार निराळी नसते. दहा भाष्यकारांचीं नांवें एका वचनाखालीं मिळालीं कीं व्यासपीठावरून 'सर्व भाष्यकार म्हणतात' हें वाक्य किती सहज येतें! ऐकणारीं माणसें श्रद्धेनें मान डोलवितात. त्यांना दिलेली ग्वाही खोटी असते, आणि देणाऱ्यास तें ठाऊकही नसतें.

हीं साधनें करणाऱ्यांकडे आमचें मागणें फार नाहीं. उल्लेखाबरोबर त्याच्या मागचें व पुढचें वाक्य अवश्य दाखवावें; कित्येक साधनें हें करितात, पण तो भाग इतका आंखूड असतो कीं 'नाहीं' हा शब्द नेमका त्याच्या बाहेर राहतो. भाष्यकाराच्या नांवापुढें त्याचा काळ द्यावा, म्हणजे जेरोम आणि हेन्री ह्यांच्यामध्यें तेरा शतकें आहेत हें दिसेल. लॅटिन व हिब्रू क्रमांकांचा ताळा खूण बसवितांनाच घ्यावा. आणि जेथें भाष्यकारानें वचन खोडण्यासाठीं घेतलें आहे तेथें तसें सांगणारी एखादी निराळी खूण असावी. ही शेवटची गोष्ट यंत्रास कठीण आहे हें आम्ही जाणतों. ती माणसानें वाचूनच करावी लागेल, व तिला पुष्कळ वर्षें लागतील. क्रूडनच्या श्रमांकडे पाहतां ती अशक्य मात्र म्हणवत नाहीं.

तोंपर्यंत ज्यास ह्या साधनाची परीक्षा पाहावयाची असेल त्यानें मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाचें शेवटचें वचन घ्यावें. तेथें म्हटलें आहे कीं येशूस नासोरी म्हणतील असें संदेष्ट्यांच्या द्वारें सांगितलें होतें. असें वचन जुन्या करारांत कोठेंही नाहीं. समास यशयाच्या अकराव्या अध्यायांतील अंकुराकडे बोट दाखवितो, कारण त्या हिब्रू शब्दाचा उच्चार जवळचा आहे. कोणी शास्ते पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांतील नाजीराकडे दाखवितो. यंत्र हे दोन्ही अंक देईल आणि त्यांखालीं भाष्यकारांच्या लांबच लांब रांगा लावील. त्या रांगेंत जेरोमही सांपडेल, कारण अंकुराचा उल्लेख त्यानेंही केला आहे. परंतु त्याच ठिकाणीं तो हेंही सांगतो कीं, मत्तयानें 'संदेष्ट्या'च्या असें न म्हणतां 'संदेष्ट्यांच्या' असें अनेकवचन घातलें, ह्यावरून त्यानें शास्त्राचे शब्द उचलले नसून आशय घेतला आहे हें उघड होतें. हें वाक्य कोणत्याही अंकाखालीं येत नाहीं. तें जेरोमच्या पानावर आहे.